झोक्याखालची भुई

झोका बांधायचा म्हटलं की माणसं वर बघतात. फांदी जिवंत आहे का वाळकी, नाडा कुठं घासतोय, गाठ कुणी मारली, ती निसटायची तर नाही ना. आमच्या गावात झोका बांधण्यात तरबेज मानलेली दोन-तीन माणसं होती. ती झाडावर चढली की खाली उभं असलेलं अर्धं गाव माना वर करून त्यांना सल्ले द्यायचं. "आणखी एक येढा मार," "पोतं घाल मधी, नायतर वाख कातरंल." सगळ्यांची नजर फांदीवर. ज्या भुईवर सगळे उभे असत, तिच्याकडं कुणी बघत नसे. खाली बघणारं माझ्या माहितीत एकच माणूस, आमची आजी. आणि तीसुद्धा १९६४ सालच्या पंचमीनंतर बघायला लागली.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, माणदेशाला लागून. पावसाचं नक्षत्र कोरडं गेलं तरी कुणाला नवल वाटत नाही, असा मुलूख. वस्तीवर आमचं एकच मोठं झाड होतं, लिंबाचं. त्याची एक फांदी आडवी, माणसाच्या मांडीएवढी, जणू झोक्यासाठीच वाढलेली. आणि त्या फांदीखालीच आमचं खळं.

खळं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. मळणीयंत्रं आली आणि खळी गेली. माघ-फाल्गुनात शाळूची काढणी व्हायची. त्याआधी खळ्याची जागा खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, बैल फिरवून माती तुडवून घ्यायची, मग धुम्मसानं ठोकून शेणानं सारवायची. मधोमध मेढ रोवायची. दोन-चार वेळा सारवण झालं की खळं वाजायला लागे. त्यावर रुपया टाकला तर तो उडी मारायचा. दाणा मातीत जाऊ नये म्हणून ही सगळी खटपट. जितकं टणक तितकं खळं चांगलं, आणि चांगलं खळं म्हणजे चांगला शेतकरी. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या खळ्याचं कौतुक पाहुण्यांतही व्हायचं. सुगी संपल्यावर ते तसंच पडून राही. उन्हाळ्यात तापे, वळवाच्या पावसानं वरचं सारवण धुऊन जाई, पण खालची भुई दगडासारखी राही. आणि श्रावणात पंचमी आली की त्याच भुईवर लिंबाचा झोका लागे.

नाडा मोटेचा असायचा. तेव्हा आमच्याकडं इंजीन आलेलं नव्हतं. विहिरीवर मोट चालायची आणि पावसाळ्यात तिला थोडी सुट्टी मिळायची. त्या सुट्टीत बैलांचा नाडा पोरींच्या वाट्याला येई. बसायला पोत्याची घडी. पण खरा झोका उभ्यानं. दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या, एकीनं गुडघे मोडून रेटा द्यायचा, मग दुसरीनं. बघता बघता झोका फांदीच्या बरोबरीला जाई. माहेराला आलेल्या लेकी, गावातल्या पोरी, नव्या हिरव्या बांगड्या, मेंदीचे हात. त्या दिवशी बाईला कुणी काम सांगत नसे. वर्षातून एवढा एकच दिवस.

१९६४ ला मी आठ वर्षांचा आणि आक्का अकरा. ती आणि आमच्या चुलत्यांची लेक उभ्यानं झोका घेत होत्या. पाऊस शिंतडून गेलेला, पोत्याची घडी ओलसर. झोका पुढं गेला आणि माघारी फिरायच्या क्षणाला आक्काचा पाय सुटला. मी खाली मेढीच्या खड्ड्याजवळ बसलो होतो. ती पडल्याचा आवाज मला अजून आठवतो. धप्प असा नव्हता तो. पाट्यावर वरवंटा टेकवावा तसा, कोरडा होता.

डावा हात अंगाखाली आला होता. कोपर.

दोन गावं पलीकडं हाडं बसवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडं बैलगाडीतनं नेलं. त्यानं ओढून हाड बसवलं, हळद आणि अंड्याचा लेप दिला, वरनं बांबूच्या कामट्या बांधल्या. महिन्याभरानं कामट्या सोडल्या तर हात काटकोनात आखडलेला. मग तेल लावून रोज चोळणं सुरू झालं. चोळताना आक्का ओरडायची, आणि आई चुलीपुढं बसून पदर तोंडात कोंबायची. हात थोडा सुटला, पण सरळ कधीच झाला नाही. पुढं मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की पोरांच्या कोपराचं हाड असं मोडल्यावर जबरीनं चोळणं हेच वाईट. पण तेव्हा आमच्याकडं ते सांगणारं कुणी नव्हतं.

हात आखडला म्हणजे काय झालं? लिहायला एका ओळीची गोष्ट आहे. पण भरला हंडा दोन्ही हातांनी उचलून डोक्यावर घ्यायचा तर दोन्ही हात वर जावे लागतात. आक्काचा एकच जाई. ७२ च्या दुष्काळात ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. हातोडा उजव्या हातात, तो चालायचा, पण भरलेली पाटी डोक्यावर घ्यायला शेजारच्या बाईची वाट बघावी लागे. आणि लग्नाचं तर बोलायलाच नको. बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन झाल्यावर म्हणायचे, "पोरगी चांगली हाय, पण हाताचं काय?" शेवटी १९७४ साली तिला बिजवराला दिली. मेव्हणे माणूस म्हणून सोन्यासारखे निघाले हे आमचं नशीब. पण आक्काला दहा जणांतनं एक निवडायची संधी मिळाली नाही. ती त्या खळ्यानं काढून घेतली होती.

आक्का पडली त्या संध्याकाळीच आबांनी विळ्यानं नाडा तोडला. मोटेचा चांगला नाडा, पण तोडला. "आजपास्नं ह्या झाडाला झोका न्हाय," म्हणाले. चुलत्यांनी मान हलवली. भावकीतले दोन-चार जण आले, तेही म्हणाले, की पोरी लई माजल्यात, उभ्यानं झोकं घ्यायचं काय कारण. वर्षभर ही गोष्ट पक्की होती. आमच्या घरापुरती पंचमी बिनझोक्याचीच राहणार, असं सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या वर्षी आषाढ सरता सरता आजी ओसरीवर आबांसमोर येऊन बसली. तिचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, कारण आबांना कुणी इतकं बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

"झोका तोडलास, बरं केलंस. राग व्हता. पर लिंबानं काय केलं, आन् पोरींनी काय केलं? पोरगी पडणारच. चालाय शिकली तवा पडली न्हवती व्हय? भुई वाईट हाय तितली. ती बदल."

आबा म्हणाले, "खळं मोडू म्हंतीस?"

"सुगीला नवं करतोसच की. माघात खणायचं ते आषाढात खण. माती तीच, कुदळ तीच."

याला आबांकडं उत्तर नव्हतं. खळं दरवर्षी नव्यानं करावंच लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "एक दीस येत्यात लेकी माह्याराला. सासरी त्यास्नी कोण झोका देतंय?"

आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गड्याला कुदळ दिली.

आजीनं भुई कशी बदलली ते नीट सांगतो, कारण त्यात अंदाजपंचे काही नव्हतं. आधी तिनं झोका कुठवर जातो ते बघितलं. रिकामा नाडा बांधून आम्हा पोरांना तो जोरात हलवायला लावला आणि पुढं-मागं जिथवर गेला त्याच्याही पलीकडं पाच-पाच पावलं टाकून राखेची रेघ ओढली. "पोरगी झोक्याखाली पडत न्हाय, झोक्याच्या म्होरं पडती," म्हणाली. मग रेघेच्या आत हातभर खोल खणलं. खडा न् खडा वेचला. ओढ्याची वाळू गाडीनं आणली. ती चाळून, खणलेल्या मातीत मिसळून भरली. वर घरच्या भुईमुगाची साठवलेली फोलपटं टाकली आणि पुन्हा दाताळ्यानं सगळं खालीवर केलं. हे सगळं झाल्यावर तिची परीक्षा असे. अनवाणी उभं राहायचं आणि टाच मारायची. टाच रुतून खळगा पडला तर भुई पास. नुसता ठसा उमटला तर पुन्हा खणायचं.

अडचण एकच होती. पंचमीला जमीन खणत नाहीत. नांगर धरायचा नाही, कुदळ लावायची नाही, चिरायचं नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. नागाला इजा होते. म्हणून आजी हे काम आदल्या दिवशी पुरं करून घ्यायची. एका साली मात्र पंचमीच्या आदल्या रात्री, सूर्य बुडल्यापासून कोंबडा आरवेपर्यंत धो धो पाऊस झाला आणि सकाळी पाहतो तर सगळी भुई दबून घट्ट बसलेली. पोरी नटून आल्या होत्या. आबा म्हणाले, "आता काय, कुदळ तर लावता येत न्हाय." आजीनं पदर खोचला आणि सगळ्या पोरींना गोल बसवून हातानं माती मोकळी करायला लावली. "लोखंड लावू ने एवढंच हाय. हात म्हंजे काय नांगूर न्हवं." मेंदीच्या हातांनी पोरींनी तासाभरात भुई भुसभुशीत केली, आणि गाणी म्हणत केली. त्यातच आक्काही होती. उजव्या हातानं उकरत होती.

आजी गेली १९८१ ला. तोवर दर पंचमीला आमच्याकडं झोका लागला. त्या सतरा वर्षांत पोरी पडल्या पुष्कळ. हाड मात्र कुणाचं मोडलं नाही.

आजीला हे ज्ञान कुठनं आलं, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत असे. मला वाटतं तालमीतनं. तिचा धाकटा दीर, आमचे नाना, कुस्तीगीर. काही वर्षं कोल्हापुरात राहून सराव केलेले. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेल्या खासबाग मैदानात आपण लढलो, हे ते मरेपर्यंत सांगायचे. गावाकडं आले की आजीच्या चुलीपुढं बसून तालमीच्या गोष्टी सांगत. तालमीतला हौदा तांबड्या मातीचा. ती माती चाळून घेतलेली, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घातलेला. आणि रोज सकाळी लढतीआधी पैलवानांनी फावड्यानं हौदा खणायचाच. नाना म्हणायचे, "वैनी, एक दीस हौदा उकरला न्हाय तर दुसऱ्या दिवशी पाठ सांगती." जिथं माणूस दिवसातनं पन्नास वेळा आपटतो, तिथल्या लोकांनी भुईचा अभ्यास केलेला असणारच. आजीनं चुलीपुढं बसून तो ऐकला असणार.

वर्गात शिकवताना मी हीच गोष्ट दुसऱ्या भाषेत सांगायचो. पडणाऱ्याला लागतं ते पडल्यामुळं नव्हे, थांबल्यामुळं. पाच फुटांवरून पडणारं पोर भुईला टेकताना तासाला साधारण २० किलोमीटर वेगात असतं. सायकल जोरात मारावी तेवढा. हा वेग शून्यावर यायचाच. तो किती अंतरात येतो, एवढाच प्रश्न. खळ्यावर तो बोटाच्या पेराएवढ्याही अंतरात येत नाही, सगळा मार हाडाला बसतो. भुईनं वीतभर आत घेतलं तर तोच मार कितीतरी पटीनं हलका होतो. फळ्यावर हे गणित मांडताना मला टाच मारणारी आजी दिसायची.

हे सगळं पुन्हा निघायचं कारण असं, की दोन वर्षांपूर्वी थोरल्यानं परसात झोका लावायचं ठरवलं. तो पुण्याला असतो, पण सूनबाई आणि नातवंडं मे महिना आणि दिवाळी इथंच काढतात. लिंब आता नाही, खळ्याच्या जागेवर घर आहे. म्हणून तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानातनं लोखंडी सांगाडा करून घेतला. सहा फुटांवर आडवी नळी, तिला साखळ्या. थोरला म्हणाला, "दादा, खाली पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. चिखल होणार नाही, स्वच्छ राहील."

मी म्हटलं, "खाली काय टाकायचं ते मी बघतो."

मग मी एकेक पाहत गेलो. पेव्हर आणि शहाबादी फरशी ही दोन्ही नव्या काळातली खळीच. मुरूम सगळ्यांना सुचतो, कारण तो स्वस्त आणि जवळ. पण मुरूम दाबून बसतो म्हणूनच तो रस्त्याला वापरतात. हरळी दिसायला सुरेख, पण झोक्याखाली पोरांचे पाय जिथं घासतात तिथं ती महिन्याभरात उडते आणि खाली कडक टक्कल उरतं. शहरात बागांमधनं रबराच्या लाद्या टाकतात. चांगल्या जाडीच्या असल्या तर उपयोगी, पण आमच्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. उसाचं पाचट फुकट मिळतं, पण ते पेट घेतं, कुजतं आणि त्यात फुरसं दडून बसतं. नागोबाच्या सणाला झोका खेळायचा आणि त्याच्याच भाऊबंदाला घर बांधून द्यायचं, हे काही खरं नव्हे.

राहिली वाळू. नदीची वाळू आता सोन्याच्या मोलाची. तिच्याऐवजी मिळते ती खडी क्रशरची. तिच्यात दगडाची भुकटी असते, दोन पावसांत ती सिमेंटसारखी बसते. तरी मी नदीच्या वाळूचाच विचार करत होतो, कारण आजी. तेवढ्यात भाच्यानं, आक्काच्या मुलानं, एक पुस्तिका छापून आणून दिली. तो इंजिनिअर आहे. अमेरिकेच्या सरकारचा ग्राहकांच्या सुरक्षेसाठी एक आयोग आहे, त्यानं सार्वजनिक क्रीडांगणांसाठी ती काढली आहे. तिच्यात माती आणि गवत यांना संरक्षण म्हणून धरतच नाहीत, कारण वापरानं आणि हवेपाण्यानं ती कधी कडक होतील सांगता येत नाही. वाळू नऊ इंच असली तर चार फुटांवरून पडणाऱ्याला पुरते. लाकडाच्या ढलप्या तेवढ्याच जाडीच्या असल्या तर दहा फुटांपर्यंत पुरतात. या गोष्टी दबून पाव हिश्शानं कमी होतात, म्हणून नऊ इंच हवं असेल तर सुरुवातीला बारा इंच भरायचं. आणि झोका जितक्या उंचीवर टांगलाय, त्याच्या दुप्पट अंतर पुढं आणि तेवढंच मागं मऊ ठेवायचं. बाजूंना सहा सहा फूट.

ते वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. आजीनं राखेची रेघ ओढली होती ती याच हिशेबानं.

झोका सहा फुटांवर टांगलेला, म्हणजे बारा फूट पुढं, बारा मागं. रुंदी बारा. खोली एक फूट. २८८ घनफूट, म्हणजे जवळजवळ तीन ब्रास. आमचं परस त्यामानानं लहान. धुण्याचा दगड नेमका रेघेच्या आत आला. तीस वर्षांचा दगड हलवायचा म्हटल्यावर घरातल्या मंडळींनी दोन दिवस अबोला धरला. दगड हलला. सांगाड्याच्या पायांना घातलेलं काँक्रीट भुईच्या वर टेंगळासारखं आलं होतं, ते फोडून पुन्हा फूटभर खाली घेतलं. मऊ भुईत पडलेलं पोर त्या टेंगळावर डोकं आपटणार असेल तर मऊ भुईचा काय उपयोग?

खड्डा खणून झाला तेव्हा आक्का चार दिवस राहायला आली होती. बहात्तर वर्षांची आहे. मेव्हणे जाऊन सहा वर्षं झाली. मी खड्ड्याच्या कडेला दोन पोती ओतून ठेवली होती, एकात वाळू, एकात ढलप्या. पुस्तिकेतले आकडे तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आकडं र्‍हाऊ देत बाजूला." चपला काढल्या, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि दोन्ही ढिगांवर टाच मारून बघितली. आधी वाळूवर, मग ढलप्यांवर. पुन्हा वाळूवर. मग डाव्या हातानं, त्या वाकड्या हातानं, मूठभर ढलप्या उचलून कुस्करल्या.

"हे घाल," म्हणाली. "वाळू वली झाली की बसती. बगितलंय आपुन."

एवढंच बोलली. मला वाटलं होतं ती आणखी काहीतरी बोलेल. पण ती नातवंडांना हाका मारत आत गेली.

वखारीतनं ढलप्या आणताना बाभळीच्या नकोत असं बजावलं, कारण काटा. प्लायवुडचे आणि रंगवलेल्या लाकडाचे तुकडेही नकोत, ते विषारी असू शकतात आणि त्यांत खिळे सापडतात. आलेला माल दोन दिवस परसात पसरून नातवंडांना खिळे शोधायला लावले. शंभर ढलप्या बघितल्याबद्दल एक गोळी. खड्ड्याच्या तळाला थोडा उतार दिला आणि एका कोपऱ्यातनं चर काढून पाणी केळीला सोडलं, म्हणजे पावसाळ्यात डबकं साचत नाही. कडेला विटा लावल्या नाहीत, कारण विटेला कोपरा असतो. मातीचीच उतरती कड ठेवली. घराच्या भिंतीपासून अंतर सोडलं, वाळवीनं ढलप्यांतनं भिंत धरू नये म्हणून.

थोरल्याला सगळा खटाटोप जास्त वाटला. तो म्हणाला, "दादा, आम्ही तर शाळेत कडक मैदानावरच खेळलो. काही झालं नाही." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. ज्याचं काही होत नाही, त्याला भुई दिसत नाही. मी त्याला म्हटलं, "आत्याला विचार." त्यानं विचारलं का नाही मला माहीत नाही. पण पुढच्या खेपेला पुण्याहून येताना लांब दांड्याचं नवं दाताळं घेऊन आला.

त्या दाताळ्याला काम पुष्कळ. ढलप्या टाकल्या की झालं, असं होत नाही. पोरं पाय घासतात तिथं झोक्याखाली खळगा पडतो आणि उडालेल्या ढलप्या कडेला जमतात. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त हव्या तिथंच कमी होतात. आठवड्यातनं एकदा त्या ओढून मधे आणाव्या लागतात. पावसाळ्यानंतर सगळं खालीवर करावं लागतं. वर्षाकाठी दोन बोटं खाली बसतात, तेवढी भर टाकावी लागते. सांगाड्याच्या एका पायावर मी फूटभर उंचीची पांढरी रेघ मारून ठेवली आहे. ढलप्या तिच्याखाली गेल्या की कळतं. कुजलेल्या ढलप्या केळीच्या बुडाला जातात, काही वाया जात नाही.

गेल्या वर्षी धाकटी नात पडली. बसल्या बसल्या दोन्ही हात सोडून टाळ्या वाजवत होती. पुढं गेली आणि पालथी पडली, हात अंगाखाली. सूनबाई किंचाळली. मी ओसरीवरनं उठेपर्यंत पोरगी उठून तोंडातली ढलपी थुंकत होती. कोपराला थोडं खरचटलं होतं. ती रडलीही नाही, फक्त झोका दुसऱ्यानं घेतला म्हणून भांडायला लागली. मी तिचा हात धरून दोनदा वाकवला, दोनदा सरळ केला. सरळ होत होता. पुन्हा एकदा करून बघितला. "आजोबा, सोडा ना," म्हणून तिनं हिसडा दिला आणि पळाली.

रात्री आक्काला फोन करून सांगितलं. पलीकडनं तिनं विचारलं, "आदल्या दिशी उकरलं हुतंस?"

म्हटलं, "व्हय."

"मग झालं," म्हणाली, आणि शाळूच्या भावाचं बोलायला लागली.

यंदाच्या पंचमीला ती येणार आहे. गल्लीतल्या पोरीही येतो म्हणाल्यात. मोठ्यांसाठी साखळ्या बदलून घेतल्या आहेत, नव्या ढलप्यांची चार पोती येऊन पडली आहेत. पंचमीला लोखंड लावायचं नाही, तेव्हा दाताळं आदल्या संध्याकाळी फिरवायचं. रात्रीतनं पाऊस झालाच, तर सकाळी पोरींना गोल बसवायचं आणि हातानं मोकळं करून घ्यायचं.